त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं

गुरप्पा वस्ताद गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका दांडग्या गड्याला स्टुलावर बसवून, त्याच्या हातात पितळेची परात देऊन त्याच्यावर खेकसत होतो. परात म्हणजे स्टेअरिंग. पायापाशी तीन विटा मांडलेल्या होत्या, क्लच, ब्रेक आणि रेस. मी "बैल!" म्हणून ओरडलो की त्यानं ब्रेकची वीट दाबायची, आणि तो बेटा दर वेळी रेसची दाबत होता. उस्मानाबादेत आमचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे, त्याच्या कडेनंच बेंबळीचा रस्ता जातो. तिकडून आलेली बस आमच्यापाशी हळू झाली. ड्रायव्हर माझ्याच हाताखालून गेलेला. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "सर, तुमचे वस्ताद गेले. सकाळीच." एवढं बोलून गाडी पुढं गेली. मी वळून त्या गड्याला पुन्हा "बैल!" म्हणालो. त्यानं या वेळी बरोबर वीट दाबली आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघायला लागला... मग त्यानंच परात खाली ठेवली आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

दुपारपर्यंत मी बेंबळीला पोचलो. लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात. मी तुळजापूरच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, आमच्यात आडवं नेतात आणि अग्नी देतात. बसलेला मेलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. चेहरा मात्र नेहमीचाच, आत्ता तोंड उघडतील आणि काहीतरी लागट बोलतील असा. बायका कानडीत रडत होत्या. वस्तादांच्या पुतण्यानं मला हार घालायला पुढं केलं, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हे वस्तादांचे पट्टशिष्य." पट्टशिष्य! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. हार घातला कसाबसा आणि मागं येऊन उभा राहिलो.

याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची या पुरवणीची रीत आहे. मीही चांगलंच लिहिणार आहे, पण वस्तादांबद्दल. माझ्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं यात काही नाही, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागं फिरायला मला जागा राहणार नाही. बारा वर्षांपूर्वी तुळजापूरच्या घाटात एका ट्रकखाली कोंडाबाई नावाची एक मजूर बाई मेली. ट्रक गुरप्पा वस्ताद चालवत होते असं सगळा जिल्हा समजतो. पोलिसांच्या कागदावर तेच आहे, कोर्टाच्या निकालात तेच आहे. ते खोटं आहे. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो. वडील म्हणत, निदान तहसिलीत कारकून हो. मला मोटारीचं वेड. त्या वेळी आपल्या जिल्ह्यात मोटारी अचानक वाढल्या होत्या, लष्कराच्या लिलावातले ट्रक व्यापाऱ्यांनी आणले होते, पण चालवणार कोण? कालपर्यंत बैलगाडी हाकणारा आज ट्रकवर बसायचा. गुरप्पा वस्ताद मूळचे उमरग्याकडचे, लढाईत फौजेच्या मोटारी चालवून आलेले, मराठीत कानडी कालवून बोलणारे. त्यांनी उस्मानाबादेत एका पडक्या जिनिंगच्या आवारात शिकवणी काढली. शिकायला येणाऱ्याला ते पहिले आठ दिवस ट्रकला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. परात आणि विटा ही त्यांचीच युक्ती, मी फक्त चोरली. पहिल्या दिवशी मला परात देताना म्हणाले, "घे तम्मा, आरती कर." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांचा तम्माच राहिलो.

परातीची गरज काय, हे मला लोहाऱ्याच्या नामदेवानं दाखवलं. नामदेव पंधरा वर्षं बैलगाडी हाकून आलेला, अंगानं रेडा. त्याला ट्रकवर बसवलं आणि समोरून म्हैस आडवी आली, तर ह्या पठ्ठ्यानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग छातीकडं ओढलं आणि "हो, हो, हो!" करत मागं रेलला. बैल असते तर थांबले असते. ट्रक सरळ जाऊन कुंपणात घुसला. आम्ही पोट धरधरून हसलो. वस्ताद हसले नाहीत. नामदेवाला खाली उतरवून म्हणाले, "ट्रकाला कान न्हाईत. तू जे पंधरा वर्सं शिकलास ते तुझ्या अंगात हाय. भीती वाटली की अंग जुनं तेच करतंय. मला तुझं डोकं न्हाई शिकवायचं, अंग शिकवायचंय." आणि त्याला आणखी महिनाभर परात धरायला लावली. नामदेव चिडून रडायच्या बेताला यायचा. पण तोच नामदेव आजतागायत एक कुत्रंही न मारता गाडी चालवतो आहे.

नव्यांचं एक वेळ ठीक, जुन्यांना शिकवणं म्हणजे वाघाच्या जाळीत हात. निजामाच्या काळापासून गाडी चालवणारे ड्रायव्हर असायचे, त्यांच्या मालकांनी जबरदस्तीनं पाठवलेले. एक असेच पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले, म्हणाले, "तू पैदा व्हायच्या आधीपासून मी मोटार चालवतो." वस्तादांनी त्यांना आदरानं एका बैलगाडीत बसवलं, कासरा हातात दिला आणि रस्त्यावर नेलं. मग स्वतः ट्रक घेऊन मागून आले, जवळून, जोरात, भोंगा वाजवत. बैल उधळले. गृहस्थांचा फेटा चिखलात. वस्तादांनी ट्रक थांबवून खाली उतरून फेटा उचलला, झटकला, त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "किती वर्सं चालवताय म्हणालात?" ते गृहस्थ पुढं पंधरा दिवस राहिले, मुकाट. दर नव्या-जुन्या ड्रायव्हरला वस्ताद तुळजापूरचा घाट खालपासून वरपर्यंत पायी चालायला लावत. कुठं कडा, कुठं नाला, कुठं रस्त्याची गँग काम करते, मैलभर रस्ता राखणारा मैलकुली कुठं बसतो. ज्या रस्त्यावर चाकानं जायचं तो आधी तळपायाला माहीत पाहिजे, हा त्यांचा हट्ट. उन्हात पाय भाजायचे, आम्ही मनात शिव्या घालायचो.

आता त्या वळणाचं सांगतो. सोलापूरकडून घाट चढताना एका वळणावर तुळजापूर पहिल्यांदा नजरेला येतं. तिथं आपल्याकडचा माणूस काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको. बैलगाडीतला कासरा सोडतो, पायी जाणारा जोडे काढतो, दोन्ही हात आपोआप जुळतात आणि तोंडातून उदो उदो निघतं. मी तर त्या गावचाच. चालायला यायच्या आधी आईनं त्या वळणावर माझे हात हातात घेऊन जोडले असतील. आमच्या ड्रायव्हरांनीही तेच चालवलं होतं. भरल्या मोटारीत, वळणावर, ड्रायव्हर दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून नमस्कार करायचा, आणि मागचे उतारू त्याच्याबरोबर गजर करायचे! कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. उलट जो हात सोडणार नाही तो नास्तिक.

वस्तादांचा ह्या एका गोष्टीवर सगळ्यांशी झगडा. ते वळणाच्या अलीकडं, रुंद जागा आहे तिथं, "निल्लू" म्हणायचे. निल्लू म्हणजे थांब. गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरायचं, चार पावलं पुढं जाऊन पाहिजे तेवढा वेळ नमस्कार करायचा, परत येऊन बसायचं. लोक कुजबुजायचे, हा शंकराचा माणूस, ह्याला आमच्या देवीचं काय! एकानं तोंडावरच विचारलं, एवढी वर्षं हात जोडतो, देवीनं कधी गाडी पडू दिली का? वस्ताद म्हणाले, "तिला आठ हात हायेत बाबा. एकानं आशीर्वाद दिला तरी सात मोकळे. तुला दोनच हायेत." हे वाक्य पुढं जिल्हाभर झालं. ड्रायव्हर लोक हसत हसत एकमेकांना सांगायचे आणि वळणावर हात सोडायचे. जित्याची खोड, दुसरं काय.

माझी परीक्षा आठ दिवसांवर होती. शिकाऊ लायसन होतं, वस्ताद शेजारी बसले असतील तरच ट्रक चालवायचा. आदल्या दिवशी त्यांनी बायकोला, पार्वतव्वांना, सोलापूरच्या दवाखान्यात दाखल केलं होतं आणि सकाळी तिला भेटून आम्ही परत निघालो होतो. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. एरवी गियर उशिरा बदलला तरी माझ्या गुडघ्यावर चापट मारणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. घाट लागला. रुंद जागा आली. मी "निल्लू" ऐकायची वाट बघत होतो... ते आलं नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर वस्ताद डोळे गच्च मिटून, हात जोडून बसलेले. ओठ हलत होते. जन्मात कधी चालत्या गाडीत हात न जोडलेला माणूस! वळण आलं, गाव दिसलं, आणि माझे हात सुटले. मी सोडले असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, ते सुटले. उदो म्हणायला लागतो तेवढाच वेळ. रस्त्यावर खडीचा नवा ढीग टाकलेला होता. पुढचं चाक त्यावर चढलं, स्टेअरिंग गरकन फिरलं आणि गाडी डावीकडं गेली. डावीकडं दगडी कठडा होता, आणि कठड्याच्या अलीकडं मुरमाची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई.

माझा पाय ब्रेकवर गेला. बरोबर गेला, जराही चुकला नाही. गाडी जागच्या जागी थांबली. पाय शिकले होते माझे. पण तोवर ती बाई गाडी आणि कठड्याच्या मध्ये सापडली होती.

वस्तादांनी उडी मारली, पुढं जाऊन बघितलं आणि माझ्या बाजूला आले. "उतर तम्मा." मी उतरलो म्हणजे पडलोच. ते माझ्या जागेवर चढले, गाडी चार हात मागं घेतली, हँडब्रेक ओढला. तिला मोकळी करायला गाडी मागं घ्यावी लागणार होती, आणि ते माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बसले. त्यात दुसरा काही विचार त्या वेळी त्यांच्या मनात होता असं मला वाटत नाही. पण खालून गँगची माणसं धावत आली तेव्हा त्यांना स्टेअरिंगमागं दिसले ते वस्ताद. वरच्या अंगानं तिचा नवरा आला, मारुती, तिथला मैलकुली. कोंडाबाई तोवर संपली होती. तासा-दोन तासांनी फौजदार आले आणि त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी तीन हातांवर उभा होतो. वस्ताद म्हणाले, "मी." फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. माझी दातखीळ बसली. आजही कधी आंघोळ करताना, कधी जेवताना मला तो क्षण आठवतो आणि मी मोठ्यानं "मी, मी" म्हणतो. बायको विचारते, काय झालं? काही नाही म्हणतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी आपणहून चढला आणि चोर गप उभा राहिला. आठ दिवसांनी चोरानं परीक्षा दिली, पास झाला, आणि त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. वस्तादांना कैद झाली, लायसन कायमचं गेलं, शिकवणीला कुलूप लागलं. ते कैदेत असतानाच पार्वतव्वा गेल्या. मातीला ते येऊ शकले नाहीत, आणि मी जाऊ शकत होतो तो गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? गावात चहाच्या दुकानात, न्हाव्याकडं, सगळीकडं एकच चर्चा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्यांनी घाटात पायी चालून शिव्या घातल्या होत्या त्यांना तर पर्वणीच. "हात सोडू नका म्हणणारानंच बाई मारली की!" मी त्या दुकानांत बसलो आहे, तो चहा प्यायलो आहे, आणि ते बोलणं ऐकून खाली बघितलं आहे. लाज शरम कोळून प्यायली म्हणतात ती अशी.

सुटल्यावर वस्ताद बेंबळीला पुतण्याच्या शेतावर राहिले. तिथं विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायचे, कोणाचा पंप, कोणाची गिरणी. मोटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, बसमध्येसुद्धा कधी पुढच्या सीटवर बसले नाहीत. मी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेलो तो सुटकेनंतर दोन वर्षांनी. पाया पडलो आणि ढसाढसा रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता सांग, ब्रेकचं तेल कवा बघितलंस?" मी विचारलं, वस्ताद, असं का केलंत? ते इंजिनाचा नट आवळत होते. म्हणाले, "माझे डोळे मिटले होते, तम्मा. तुझे हात सुटले. डोळे आधी, हात मागून. शेजारी वस्ताद बसलेला असताना शिकाऊ गडी चुकत नसतो." मी म्हणालो, मी आता जाऊन खरं सांगतो. त्यांनी पान्हा खाली ठेवला. "कुणाला सांगणार? कोर्टाला? तुझं लायसन जाईल, माझं येणार न्हाई. सांगायचंच असलं तर त्या बाईच्या नवऱ्याला जाऊन सांग. गुन्हा मी घेतला. तोंड दाखवायचं काम तुझं हाय, ते मला घेता येत न्हाई."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. किती सोपं होतं ते! तुळजापूर माझं गाव, घाट गावाला लागून. महिन्यातून दोनदा मी त्या रस्त्यावरून जायचो, मारुती कधी खडी फोडताना दिसायचा, कधी झाडाखाली भाकरी खाताना. मी समोर बघून गाडी काढायचो, दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट. वर्षा-दोन वर्षांनी बेंबळीला जायचो, तर वस्तादांचा पहिला प्रश्न, "जाऊन आलास?" यंदा बहिणीचं लग्न आहे, झालं की जातो. आता नवा क्लास काढलाय, बस्तान बसलं की जातो. क्लास काढला हे ऐकून ते खूश झाले होते, हे आठवलं की जास्तच वाईट वाटतं. परात मोठी घे म्हणाले, लहान परातीवर हात आखडतो. क्लासमध्ये मी प्रत्येक नव्या तुकडीला त्या वळणाची गोष्ट सांगत आलो आहे. "एका ड्रायव्हरनं हात सोडले आणि एक बाई मेली." ऐकणारे विचारायचे, कोण ड्रायव्हर? मी म्हणायचो, ते महत्त्वाचं नाही. सगळा जिल्हा जाणतोच की कोण. ते एकमेकांकडं बघायचे, आणि मी पुढचा धडा घ्यायचो.

शेवटची भेट चार महिन्यांपूर्वी झाली. फार खंगले होते, बोलताना दम लागायचा. मी तासभर बसलो. शेतीचं बोलले, पुतण्याच्या मुलीचं बोलले, नामदेवाची चौकशी केली. मी आपला वाट बघत होतो आणि मनात नवी सबब जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही. निघताना मी उंबऱ्यापाशी घुटमळलो, म्हटलं आता विचारतील. त्यांनी कुशीवर वळून भिंतीकडं तोंड केलं... त्यांनी माझा नाद सोडला होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मातीनंतर तिसऱ्या आठवड्यात मी गेलो. बस घाटाच्या पायथ्याशी सोडली आणि चालत चढलो. मारुती वळणाच्या जरा वर, सावलीला बसून खडी फोडत होते. केस पिकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. मी नाव सांगायला लागलो, तर हातोडा न थांबवता म्हणाले, "वळिखलं." मी म्हणालो, वस्ताद गेले. तेव्हा हातोडा थांबला. म्हणाले, "तरीच. यंदा आलं न्हाईत." मला काही कळेना. तेव्हा समजलं, की सुटल्यापासून दर वर्षी कोंडाबाई गेली त्या तारखेला वस्ताद घाटात यायचे, आदल्या दिवशीच बेंबळीहून पायी निघून. दिवसभर घमेल्यानं मुरूम वाहायचे, रस्त्याची कड भरायचे, कोंडाबाई करायची तेच काम. मारुतींनी दिलेली भाकरी खायचे आणि परत चालू लागायचे. मला त्यांनी ह्याबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "मारुतीबाबा, त्या दिवशी गाडी वस्ताद चालवत नव्हते. मी..."

"ठावं हाय मला."

मी तिथंच खडीवर बसलो. "म्या वरच्या अंगाला हुतो," ते म्हणाले. "तुमी दोगंबी हात जोडून येताना दिसला. म्या वराडलो. तुमाला ऐकू गेलं न्हाई." मी विचारलं, मग फौजदारापुढं बोलला का नाहीत? "मला कुनी इचारलं? अंगठा दे म्हनले, दिला. पयल्या वर्सी वस्ताद आला, पाय धरलं माजं. म्हनला, चालवनारा दुसरा हुता, पर चूक माजी हाय. त्यो येईल एक दिवस आपल्या पायानं, तवर कुनाला बोलू नगंस. म्या दर वर्सी इचारायचो, तुमचा त्यो आला न्हाई की अजून? त्यो म्हनायचा, येईल, येईल. जरा भित्रा हाय, पर येईल."

मी तोंड झाकून घेतलं. त्यांनी मला गप केलं नाही, जवळही आले नाहीत. वस्तादांनी माझा नाद सोडला असं मी समजत होतो, आणि हा माणूस इथं रस्त्याच्या कडेला माझा भरवसा देत राहिला होता. थोड्या वेळानं मारुतींनी विचारलं, सध्या काय करता? मी म्हणालो, गाडी चालवायला शिकवतो. "आनि ह्या वळनाचं काय सांगता पोरान्ला?" मी सांगितलं, काय सांगतो ते. "कुनी हात सोडला म्हनून सांगता?" मी खडीकडं बघत राहिलो. "म्हंजी वस्तादाचंच नाव चाललंय अजून." त्यांनी हातोडा उचलला. ऊन फार होतं, माझ्या घशाला कोरड पडली होती, त्यांच्यामागं झाडाच्या बुंध्याशी मातीचा डेरा होता. माझी नजर तिकडं गेली ती त्यांनी बघितली. म्हणाले, "आदी त्याचं नाव उतरवा. चारचौघांत. तवर हितं पानी मागू नका." आणि खडी फोडायला लागले.

मी तसाच घाट उतरलो. त्यानंतर दोन आठवडे लागले हे लिहायला, कारण प्रत्येक ओळीवर सबबी सुचत होत्या आणि त्या खोडाव्या लागत होत्या. माझं नाव दत्तात्रय, बाप शाळामास्तर, राहणार तुळजापूर, धंदा ड्रायव्हिंग शिकवणं. कोंडाबाई माझ्या हातून मेली. गुरप्पा वस्तादांनी कोणालाही मारलं नाही. लायसन आणि एक अर्ज मी काल कचेरीत देऊन आलो, तिथल्या साहेबांना काय करायचं ते कळेना, त्यांनी ठेवून घेतलं. क्लास नामदेव बघतो आहे. मारुतींना वाचता येत नाही. तेव्हा ही पुरवणी ज्या रविवारी निघेल त्या रविवारी ती घेऊन मी घाटात चालत जाणार आहे, गँगची सगळी माणसं जेवायला बसली की त्यांच्यापुढं उभा राहून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे. वाचून झाल्यावर पाणी मागेन. देतील, नाहीतर नाही देणार.